रव्याची काडतुसं

३ जानेवारी, शुक्रवार

कमालसाहेबांनी सुट्टीच्या दिवशी मुहर्रकला घरी बोलावलं तेव्हा मला वाटलं, आपला कारभार आटोपला. माझा व्हिसा फेब्रुवारीअखेर संपतोय, मी अठ्ठावन्न वर्षांचा आहे, आणि आमच्या मीना सलमानच्या वर्कशॉपमधून गेल्या वर्षभरात तिघांना गोड बोलून घरी पाठवलंय. रिन्यूअलवर सही त्यांचीच लागते. या आखाती देशातल्या माझ्या एकोणीस वर्षांत त्यांनी मला घरी कधी बोलावलं नव्हतं.

निघालं भलतंच. त्यांच्या बैठकीच्या खोलीत भिंतीवर आजोबांची रायफल आहे, शंभर वर्षांहून जुनी, मार्टिनी-हेन्री. नळी आतून वितळवून बंद केलेली, आणि तसा पोलिसांचा कागद शेजारीच फ्रेम करून लावलाय. रायफलीखाली चामड्याचा पट्टा. त्यात काडतुसं अडकवायच्या जागा सगळ्या रिकाम्या.

मुलगी सुहा हिचं लग्न वीस फेब्रुवारीला आहे. त्या दिवशी साहेबांचे वडील हा पट्टा खांद्यावर घालून तलवारीच्या नाचात उभे राहणार. रिकाम्या पट्ट्याची त्यांना लाज वाटते म्हणे. "शिरीष, तुम टूलरूम का आदमी. सिर्फ दिखाने का. बनाएगा?" त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत मी हो म्हणालो. वडिलांना आश्चर्याचा धक्का द्यायचा आहे, म्हणून कुठे बोलायचं नाही असंही ठरलं.

हेमाला सांगितलं नाही. विमानतळावर नेलकटर जप्त झालं तेव्हा तिने आठवडाभर नीट झोप घेतली नव्हती. काडतूस हा शब्द ऐकला तर ती पहिल्या विमानाने मला सावंतवाडीला नेऊन बसवेल. ओव्हरटाइम आहे, एवढंच सांगितलं. तिला काही कळलं नाही. माणसांच्या चेहऱ्यावरचं मला बरोबर वाचता येतं.

७ जानेवारी, मंगळवार

इंटरनेटवर एक अख्खं जग सापडलंय. अमेरिकेतले निवृत्त लोक गॅरेजात बसून जुन्या लष्करी रायफलींची काडतुसं हाताने भरतात. पितळेच्या पुंगळीत दारू, वर शिशाची गोळी, गोळीभोवती कागदाची पट्टी. पट्टी उजवीकडून गुंडाळायची की डावीकडून, यावर दोघेजण चार वर्षं भांडतायत आणि तरी एकमेकांच्या नातवंडांची चौकशी करतात. मला ही माणसं फार आवडली. मला दारू भरायची नाही, फक्त सोंग करायचंय, पण सोंगही नीट करावं.

पहिला नग साहेबांना दाखवला. त्यांनी तो कानाशी धरून हलवला. "अंदर हवा है. मेरा फादर पकड़ेगा." मी म्हटलं, "साब, दारू डालना मना है ना." त्यांनी विचारलं, दारू म्हणजे? मी पुंगळीत बोट घालून दाखवलं, मग हाताने स्फोट करून दाखवला. "अच्छा, दारू," ते म्हणाले आणि दोनदा घोकलं. इतक्या वर्षांत साहेबांना एक तरी शब्द मी शिकवला याचं बरं वाटलं.

१० जानेवारी, शुक्रवार

भरलेल्या काडतुसाचा अंदाज घ्यायला गावी सदूकाकांना फोन केला. डुकरं राखायला त्यांच्याकडे परवान्याची ठासणीची बंदूक आहे. काकांना ऐकू कमी येतं, म्हणून बाल्कनीत जाऊन बोललो. हातात पेन्सिल होती, म्हणून फोन स्पीकरवर.

"काका, दारू! दारू किती भरायची?"

"तुका कित्याक व्हयी?"

"रोज नाही हो काका. लग्नापुरतीच. भरल्यावर आत हलते का?"

"हलता कशी? घट ठासूची. आदी दारू, मगे गोळी. नायतर बार फुसको जातलो."

"म्हणजे दारूवर गोळी?"

"तर! गोळयेवर दारू घालतत काय कोण?"

फोन ठेवून आत आलो तर हेमा पोळ्या लाटायची थांबली होती. कोणाशी बोलत होतात, म्हणाली. म्हटलं, सदूकाका, शेतीचं चाललं होतं. ती पुन्हा पोळ्या लाटायला लागली. जेवण झाल्यावर माझी ब्लडप्रेशरची गोळी स्वतः घेऊन आली आणि मी पूर्ण ग्लास संपवेपर्यंत समोर उभी राहिली. "पाण्याबरोबरच घ्यायची असते," म्हणाली. तीस वर्षांत हे तिने मला कधी समजावलं नव्हतं.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. संध्याकाळी शेजारचे फ्रान्सिस आणि मॅगी तिळगूळ घ्यायला आले. हे दोघं वसईचे. फ्रान्सिस आमच्याच कंपनीत स्टोअर सांभाळतो, मॅगी इथल्या हॉस्पिटलात नर्स आहे. आज मॅगी सुईच घेऊन आली होती. "शिरीषभाऊ, बसल्या बसल्या लिव्हरची टेस्ट करून टाकू. या वयात चांगली असते." मी बाही वर केली. शेजार असावा तर असा.

१७ जानेवारी, शुक्रवार

रिपोर्ट उत्तम. मॅगीने तो हेमाला बाजूला नेऊन दाखवला. मला वाटलं आनंद होईल, पण दोघींचे चेहरे पडलेले. मॅगी म्हणाली, "अजून सुरुवात आहे म्हणून." कशाची, ते विचारायचं राहून गेलं, कारण पुंगळीच्या गळ्याचा कोन डोक्यात घोळत होता.

२० जानेवारी, सोमवार

प्रश्न सुटला. वाळू भरली तर आवाज करते, भुसा हलका पडतो. बारीक रवा! ठासून भरला की हलत नाही, आणि वजनही हवं तेवढं मिळतं. घरातलं पाकीट आणि स्वयंपाकाचा वजनकाटा पिशवीत घालून वर्कशॉपमध्ये नेला. गोळीभोवती गुंडाळायला बटर पेपरही घेतला. हेमाने विचारलं तर सांगू, मशीनसाठी लागला.

पितळेचा पाइप घ्यायला स्टोअरला गेलो. फ्रान्सिसने पाइप दिला, पण सोडेना.

"सरळच पाहिजे? वाकवायला नको?"

"नाही रे, सरळच बरा."

"मग थंड कसं करणार?"

लेथवर काम तापतंच. म्हटलं, "वरून पाणी सोडतो सतत."

त्याने डोळे मिटून घेतले. "शिरीष, पकडलं तर डायरेक्ट विमानात बसवतात. ठाऊक आहे ना तुला?" म्हणजे याला रायफलीचं कळलंय. मी हळूच म्हटलं, "साहेबांचं काम आहे, फ्रान्सिस. कुठे बोलू नकोस." तो खुर्चीत बसलाच. मग म्हणाला, आमच्याकडे नाताळला घरी वाइन करतात, पण त्यात असं काही नसतं, द्राक्षं असतात. विषय एकदम वाइनवर कसा गेला कळलं नाही. वसईच्या माणसाचं जाऊ दे.

२४ जानेवारी, शुक्रवार

फ्रान्सिस मला चर्चच्या मागच्या हॉलमध्ये घेऊन गेला. "चांगले लोक आहेत, तुला मोकळं वाटेल." पंधराएक माणसं गोल बसली होती, चहा होता. एकेकाने उठून नाव सांगायचं आणि दूर राहून किती काळ झाला ते सांगायचं. कोणी म्हणे आठ महिने, कोणी दोन वर्षं, एक बिचारा म्हणाला अकरा दिवस, त्याला सगळ्यांनी फार धीर दिला. नवीन असताना मलाही घरची अशीच आठवण यायची.

माझी पाळी आली. उठलो आणि म्हटलं, "मी शिरीष. एकोणीस वर्षं झाली."

सगळे उभे राहून टाळ्या वाजवायला लागले. अकरा दिवसवाला रडला. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी हात हातात घेऊन विचारलं, कसं जमवलंत? मी म्हटलं, "सुरुवातीला जड जातं. मग दर दोन वर्षांनी महिनाभर जाऊन पुरती हौस भागवून यायचं, म्हणजे बाकीचे दिवस निघतात." टाळ्या थांबल्या. फ्रान्सिसने मला बाहेर आणलं.

३१ जानेवारी, शुक्रवार

हेमा बालवाडीत शिकवते. एप्रिलपासून तिला सुपरवायझर करणार होते. चार वर्षं त्या खुर्चीची वाट बघत होती. आज सहज कळलं की तिने नको म्हणून सांगितलं. का, तर म्हणे, "काय करायचंय इथे आता? गावी जाऊ. मोकळी हवा असते, सोबत चांगली असते."

माझा आवाज चढला. इथे मी रिन्यूअलसाठी जीव काढतोय आणि ही गाठोडं बांधायला निघाली. मी म्हटलं, गावात काय सोबत आहे? सदूकाका? त्यांचं नाव काढल्यावर तिचा चेहरा असा झाला की मी उठून टीव्ही लावला.

खरं काय ते इथे तरी लिहितो. मला परत जायची भीती वाटते. इथे टूलरूममध्ये केसाएवढा फरक असला तर मी नग परत पाठवतो आणि तरुण इंजिनिअर मान खाली घालून घेऊन जातात. गावी कोण काय परत घेऊन जाणार? सकाळी पेपर वाचायचा, दुपारी तोच पुन्हा वाचायचा. हे हेमाला सांगता येत नाही. ती म्हणेल, मग मी कोण आहे?

६ फेब्रुवारी, गुरुवार

मोठा दिवस. साहेबांनी काडतूस कानाशी हलवलं, हातात तोललं आणि खुश झाले. तेवढ्यात बँकेचे दोघे आत आले, त्यांतला सलील म्हणजे आपल्या इथल्या मराठी मंडळाचा सेक्रेटरी. काडतूस खणात टाकून साहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि दोघांना सांगितलं, "शिरीष का दारू नंबर वन. फादर के लिए बनाता है, लेकिन फादर को मालूम नहीं."

सलीलच्या हातातला चहा बशीत सांडला. बाहेरच्या माणसांसमोर असं कौतुक! सही आता झाल्यातच जमा.

१२ फेब्रुवारी, बुधवार

साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. मान खाली. "शिरीष, तुम्हारा मैडम आया था. नर्स के साथ. बोला, तबियत ठीक नहीं, रिन्यू नहीं करना, घर लेके जाएगा. बहुत रोया. मैं क्या करेगा? मैडम बोला तो खलास."

परत येऊन लेथसमोर उभा राहिलो आणि एक चांगला नग वाया घालवला. एकोणीस वर्षं ज्या सहीसाठी मान खाली घातली, ती माझ्याच बायकोने जाऊन थांबवली. माझ्या पाठीमागे. मला राग आला, आणि रागाच्या खाली फार वाईट वाटलं. संध्याकाळी तिने विचारलं, जेवणार ना? मी म्हटलं, भूक नाही. ती जवळ येऊन उभी राहिली, जरा वाकली, आणि परत गेली.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

काडतुसं अडकवलेला पट्टा पोचवायचा होता. हेमाला म्हटलं, चल माझ्याबरोबर साहेबांकडे, काय सांगायचंय ते माझ्यासमोर सांग. तिने फ्रान्सिस-मॅगीला हाक मारली. चौघं एका गाडीतून मुहर्रकला गेलो. पट्ट्याची पिशवी माझ्या मांडीवर होती. फ्रान्सिस आरशातून पिशवीकडे बघत होता, ती फुटेल की काय अशा नजरेने.

साहेबांनी कहावा, म्हणजे इथली बिनदुधाची कॉफी, मागवला. हेमा कहाव्याला हात न लावता म्हणाली, "साहब, उस दिन मैं झूठ बोली. तबियत का नहीं है. ये दारू भरते हैं."

"हाँ," साहेब म्हणाले. "मालूम है. मैं बोला भरने को."

हेमा माझ्याकडे बघायला लागली. मी साहेबांकडे.

"आप बोले?"

"मेरा फादर के लिए. शादी में सब के सामने लेके नाचेगा."

मॅगीने गळ्यातला क्रूस धरला. फ्रान्सिस चाचरत म्हणाला, "सर, आपके फादर... इस उमर में?"

"क्यों? उनका फादर भी लेता था. वो तो असली. ये शिरीष का तो नकली दारू है."

"नकली!" मॅगी किंचाळलीच. "सर, नकलीने माणसं आंधळी होतात."

साहेबांना यातलं अर्धं कळलं नसावं. मलाही नाही. शेवटी साहेबांनी माझ्या मांडीवरची पिशवी ओढली, पट्टा बाहेर काढून गालिच्यावर ठेवला आणि भिंतीवरची रायफल दाखवली. सगळे रांगेतल्या चकचकीत काडतुसांकडे बघत राहिले. साहेबांनी एकाची गोळी पिळून काढली आणि पुंगळी हेमाच्या तळहातावर उपडी केली. "देखो. दारू."

हेमाने ते बोटांत चोळलं. मग जिभेला लावलं. "हा माझा उपम्याचा रवा आहे," ती म्हणाली.

तेव्हा कुठे फ्रान्सिसने मला विचारलं, "तो पाइप याला?" मी म्हटलं, मग कशाला? मग त्याने सांगितलं, हातभट्टीला. काकांचा फोन, लिव्हर, चर्चमागच्या हॉलमधले दारू सोडलेले लोक, हेमापासून लपवलेलं साहेबांचं नाव, सगळं त्याने एका दमात सांगितलं, आणि मी तिथे बसून आयुष्यातला एक महिना दुसऱ्यांदा जगलो. साहेबांना समजावायला मॅगीने अंगठा तोंडाकडे नेऊन बाटली करून दाखवली. "ये भी दारू?" साहेबांनी विचारलं. "ये ही दारू, सर. वो वाला आप लोग बारूद बोलो." साहेबांनी बँकेच्या माणसांना काय सांगितलं होतं ते त्यांना आठवलं असावं. त्यांनी दोन्ही हातांनी डोकं धरलं.

मग ते हसले आणि हेमाला म्हणाले, "मैडम, अभी बोलो. साइन करेगा, नहीं करेगा?" तिने माझ्याकडे पाहिलं. माझा चेहरा तिला वाचता येतो. "कर दीजिए," ती म्हणाली.

१५ फेब्रुवारी, शनिवार

काल गाडीत सगळे हसत होते. आज घरात दोघंच होतो आणि हसू उरलं नव्हतं. मी विचारलं, "मला सरळ का नाही विचारलंस? एक वाक्य लागलं असतं."

"विचारलं असतं आणि तुम्ही हो म्हणाला असतात तर?"

मग तीच म्हणाली, "आणि तुम्ही का नाही सांगितलंत?"

"तू घाबरली असतीस."

"मग आता काय मी मजेत होते?"

तिने शाळेत फोन लावला. सुपरवायझरची जागा दुसऱ्या बाईंना दिली होती, कालपरवाच. मी म्हटलं, मी जाऊन सांगतो त्यांना, गैरसमज होता म्हणून. ती म्हणाली, "राहू दे. दारुड्या नवऱ्यासाठी सोडली असती तर चारचौघींत सांगता तरी आली असती. रव्यासाठी सोडली, हे मी कोणाला सांगू?"

मी तिच्याजवळ जाऊन बसलो. परत जायची मला भीती वाटते, ते सगळं सांगितलं, पेपर दुपारी पुन्हा वाचण्यापर्यंत. ती म्हणाली, मलाही वाटते. मला हे नवीन होतं.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

काल लग्न झालं. ढोल सुरू झाले आणि साहेबांचे वडील पट्टा घालून रांगेत आले. पंच्याऐंशीचं वय, पण मान ताठ. काडतुसांवर दिवे चमकत होते. त्यातलं एकही दुसऱ्यापेक्षा कमीजास्त नाही हे त्या मांडवात फक्त मला माहीत होतं. सलीलने पुढे येऊन माझा हात हातात घेतला आणि सांत्वन केल्यासारखा दाबला. मंडळात अजून सगळ्यांपर्यंत खुलासा पोचलेला नाही.

बायकांची बैठक वेगळी होती, तिथून हेमा हाताला मेंदी लावून आली. मुहर्रकच्या पुलावर गाडी अडकली. अचानक ती एकटीच हसायला लागली.

"काय झालं?"

"रोज तुम्ही झोपलात की मी तोंडाचा वास घ्यायची. जवळ वाकून. कधी काही आलं नाही, नुसती टूथपेस्ट. पण मला वाटायचं, हा माणूस टूलरूमचा आहे, वासाची काहीतरी सोय केली असणार."

मी हसलो. मग तिचं ते रोज वाकणं डोळ्यांसमोर आलं आणि हसू थांबलं. समोरची गाडी हलली होती, मागचा हॉर्न वाजवत होता.

"एकदा तरी हलवून उठवायचंस," मी म्हटलं.

"उठवलं असतं. उठून खरं सांगितलं असतंत?"

पूल संपेपर्यंत मी प्रामाणिकपणे विचार केला.

"नसतं," मी म्हणालो.

"बघा," ती म्हणाली, "दोन महिन्यांतलं पहिलं सरळ उत्तर." आणि ओली मेंदी माझ्या शर्टाला लागेल याची पर्वा न करता तिने माझा हात धरला.